उजेड कुठनं येतोय?

2019च्या ऑगस्टमध्ये, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, कपड्यांच्या तीन दोऱ्यांवर निगेटिव्ह वाळत होत्या. चिमटेही कपड्यांचेच. प्रत्येक पट्टीला वर एक आणि खाली एक, म्हणजे पट्टी गुंडाळत नाही आणि शेजारच्या पट्टीला जाऊन चिकटत नाही. धूळ बसू नये म्हणून भोवतीनं बायकोच्या जुन्या सुती साड्या बांधल्या होत्या. त्या आडोशात आम्ही पाच जण फरशीवर बसलो होतो, मध्ये परातीत स्वच्छ पाणी, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पट्ट्या काकांच्या होत्या. गावभागात त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्न, बारसं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो यांवर घर चाललं. पण रविवारी सकाळी शटर अर्धं खाली असायचं आणि काका गळ्यात यशिका कॅमेरा अडकवून सायकलवरून निघालेले असायचे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा, पलीकडच्या काठावर ऊन खात पडलेली मगर, मिरजेत सतारीच्या भोपळ्यावर बोटानं टिचकी मारून कान लावणारा कारागीर. हे फोटो कुणी मागितलेले नव्हते, कुणी त्यांचे पैसे दिले नव्हते. चाळीस वर्षांचे असे रविवार काकांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवले होते, बटर पेपरच्या पाकिटांत, आणि पाकिटावर पेन्सिलीनं जागा आणि साल.

2005च्या पुरात स्टुडिओत पाणी आलं होतं. ते ओसरल्यावर काकांनी भिंतीवर पाण्याची रेघ खिळ्यानं कोरून ठेवली, तिच्यावर एक हात जागा सोडून फळी मारली आणि सगळे डबे त्या फळीवर चढवले. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2005पेक्षा साडेतीन-चार फूट जास्त. एक हात पुरला नाही.

बोटीतून उतरले तेव्हा काकांच्या गळ्यात यशिका होता आणि काकूंच्या हातात औषधांची पिशवी. दोघं आमच्याकडं राहायला आले. पहिले दोन दिवस काका डब्यांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पाणी उतरलं की डबे उघडू नका. आहेत तसे आणा. आणि वाळवायचं नाही. ओलंच राहू दे."

त्याचं कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा जो थर असतो तो जिलेटिनचा. त्यात चांदीचे बारीक कण बसलेले असतात, तेच चित्र. पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, पण एकदम विरघळून जात नाही. ओली असेतोवर पट्टी पट्टीपासून सुटण्याची आशा असते. एकावर एक तशीच वाळली की दोन्ही थर एकजीव होतात, मग सोडवायला गेलं की एकीचं चित्र दुसरीवर निघून येतं. आणि फार दिवस गढूळ पाण्यात राहिलं तर जिलेटिन कुजायला लागतं. म्हणजे आमच्या हातात दिवस थोडे होते आणि डबे अकरा.

काकांची आणि माझी ओळख तशी जुनी. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. वडिलांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा घरात पडून होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, ऊन की ढग एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. रोल धुवायला काकांकडं गेलो तर ते म्हणाले, "मी धुऊन देतो, पण एकदा आत येऊन बघ." आत म्हणजे मागची अंधारखोली. चार बाय सहाची. भिंतीला ओल आणि हायपोचा तो आंबूस वास. मी इतकी वर्षं जगलो आणि असलं काही बघितलं नव्हतं. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये पांढरा कागद बुडवला. काही नाही, काही नाही, आणि मग कागदाच्या आतून कुणीतरी वर यावं तसा एक माणूस आला. आधी त्याचे केस, मग डोळे, मग शर्टाची बटणं. काका ट्रेचा एक कोपरा हळू उचलत होते आणि खाली सोडत होते. त्या दिवशी दुकानात परत आलो तेव्हा खतावणीतला एकही आकडा धड दिसत नव्हता.

पुढच्या महिन्यात काकांनी मला माझा रोल मलाच धुऊ दिला. चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि मग ते पक्कं करणारा हायपो, दोन्हींच्या बाटल्या एकसारख्या होत्या. मी टाकीत आधी हायपो ओतला. टाकी उघडली तर फिल्म आरपार, एकही रेघ नाही. हायपोनं सगळी कच्ची चांदी धुऊन नेली होती. हरिपूरच्या संगमावर, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं, पहाटेच्या धुक्यात काढलेले बारा फोटो. माझे हात थरथरत होते. काका रागावले नाहीत. फिल्म दिव्यापुढं धरून ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कशाचे होते? पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागलो. पहिला, नाव. दुसरा, नावाडी. काकांनी थांबवलं. "उजेड कुठनं येतोय?" मला आठवेना. पूर्वेकडून म्हणालो. "पूर्व कुठंय त्या फोटोत? त्याच्या पाठीमागं का अंगावर?" मग मी डोळे मिटून परत त्या वाळूवर जाऊन उभा राहिलो. उजेड नावाड्याच्या पाठीमागून येत होता, त्याच्या कानाची पाळी लालसर दिसत होती, आणि पाण्यावर त्याची सावली माझ्याकडं येत होती. हे सगळं मी बघितलं होतं आणि मला माहीतच नव्हतं की मी बघितलंय. बाराच्या बारा फोटो सांगून झाले तेव्हा तासभर गेला होता. ते बारा फोटो मला आजही पाठ आहेत. नंतर काढलेले हजारो नाहीत.

तिथून रविवार सुरू झाला. मी एकटा नव्हतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, त्या काकांकडूनच जुना झेनिट कॅमेरा शिकल्या होत्या. एक डॉक्टर, दवाखाना बंद करून अकराला येणारे. आणि एक वायरमन, जो पहिल्यांदा स्टुडिओतला पंखा दुरुस्त करायला आला आणि पंखा झाल्यावर गेलाच नाही. आजतागायत आम्ही एकमेकांना बाई, डॉक्टर, वायरमन, दिवाणजी असंच म्हणतो. सकाळी साडेपाचला कुठंतरी भेटायचं, फिरायचं, आणि साडेअकराला स्टुडिओच्या मागच्या खोलीत सतरंजीवर गेल्या आठवड्याचे प्रिंट मांडायचे. शेजारी भडंगाचं ताट. ताटातला हात पुसल्याशिवाय प्रिंटला लावायचा नाही.

नियम एकच. ज्यानं फोटो काढलाय त्यानं बोलायचं नाही. बाकीच्यांनी बघायचं आणि काय दिसतंय ते सांगायचं. हे फार अवघड असतं. आपण तासभर उन्हात उभं राहून काढलेल्या फोटोकडं चार माणसं बघतात आणि आपल्याला जे दाखवायचं होतं ते कुणालाच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, इथला खांब खुपतोय. बाई म्हणतात, या पोरीची चप्पल तुटलीय, बघितलंत का? आणि आपण तो फोटो काढला तेव्हा चप्पल बघितलेलीच नसते. काकांकडं पुठ्ठ्याचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे होते. ते प्रिंटवर ठेवून इकडं तिकडं सरकवायचे, आणि तुमच्याच फोटोत दडलेला दुसरा फोटो बाहेर काढून दाखवायचे. मग शेवटी तोच प्रश्न. उजेड कुठनं येतोय?

आता फोटो फोनवर येतात, फोनवर जातात. मला त्याचा राग नाही, माझी मुलगी फोनवर जे काढते त्यातलं काही फार सुरेख असतं. पण फोनवरचा फोटो बोटानं पुढं सरकतो. सतरंजीवरचा प्रिंट सरकत नाही. तो तिथंच पडून राहतो आणि दहा मिनिटांनी, भडंग खाताना, तुम्हाला त्यात काहीतरी दिसतं. म्हणून कॅमेरे डिजिटल झाले तरी आम्ही दर रविवारी दोन-दोन प्रिंट काढून आणतो. पैसे लागतात, लागू देत.

एका रविवारी बाईंनी विचारलं, "दिवाणजी, तुम्ही दिवसभर कुठं असता?" म्हटलं, यार्डात. "मग यार्डातला एकही फोटो आम्ही कसा बघितला नाही?" मला उत्तर सुचेना. मी दंडोबाच्या डोंगरावर जायचो, सागरेश्वरला हरणांमागं जायचो, आणि ज्या शेडमध्ये पंचवीस वर्षं बसलो तिथं कॅमेरा काढायचा विचारही शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुकानात नेला. मार्चचे दिवस, नव्या हळदीचा हंगाम. सौदा सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये राजापुरी हळदीचे ढीग ओतलेले असतात. छताच्या फटीतून ऊन तिरकं आत येतं आणि हवेत हळदीची इतकी धूळ असते की उन्हाची तिरीप हातात धरता येईल अशी दिसते. खरेदीदार ढिगामागून ढीग चालत जातात, एखादं हळकुंड उचलून कटकन मोडतात आणि आतला रंग बघतात. मोडलेल्या जागी केशरी दिसलं की भाव चढतो. मी रोज बघतो हे. पण कॅमेऱ्यात बघितलं तर सगळं फिकं, मातकट. कॅमेऱ्याला एवढा पिवळा रंग खरा वाटत नाही, तो आपला आपण दुरुस्त करायला जातो. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे रंगांच्या तोलाचं, ऑटो काढून उन्हावर ठेवलं, तेव्हा कुठं हळद हळदीसारखी आली. आणि तिथं लेन्स बदलायची नाही, हे एकदा केल्यावर कळलं. सेन्सरवर बसलेली हळद महिनाभर निघत नव्हती.

त्या रविवारी मी चार प्रिंट मांडले, चारही पिवळेधमक. सगळे खूश झाले. काका मात्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रंग काढून टाक. मग काय उरतंय ते बघ." घरी येऊन काळे-पांढरे केले. तीन फोटोंत काहीच उरलं नाही. चौथ्यात एका हमालाची पाठ उरली. पोत्याच्या बारदानाची घडी करून डोक्यावरून पाठीवर सोडलेली, मानेपाशी घाम, आणि घामावर चिकटलेली धूळ पांढरी होऊन चमकत होती. मी त्या माणसाला रोज सकाळी रामराम करतो. त्याच्या मानेवर जुन्या जखमेचा वण आहे, हे मला त्या फोटोनं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं मी यार्डाशिवाय दुसरं काही काढलं नाही.

हळदीचा विषय निघाला की काका एक प्रिंट काढायचे. आम्ही त्याला 'पेव' म्हणायचो. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीच्या पोटात खोदलेली, तोंड अरुंद आणि आत घेर मोठा. तिथली माती अशी की हळद आत वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. 1981 साली एक पेव उघडलं तेव्हा काका तिथं होते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ देतात. मग एक माणूस उतरतो. काकांनी तो नेमका अर्धा आत, अर्धा बाहेर असताना धरला होता. 2005च्या पुरानं हरिपूरच्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं, हळद गेली आणि पेवं वापरायचंही कमी होत गेलं. नंतर गोदामं आली, शीतगृहं आली. त्यामुळं तो फोटो आम्हाला आणखीच जपावासा वाटायचा.

डबे आमच्याकडं आले त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. सगळ्या गावाला टँकर. प्यायचं पाणी फिल्म धुवायला वापरायला मन धजेना. आमच्या शेजारच्या बोअरचं पाणी मिळालं, पण ते जड, वाळल्यावर पांढरे ठिपके सोडणारं. म्हणून धुणं बोअरच्या पाण्यात आणि शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात, जे बॅटरीत घालतात. वायरमननं ते कॅनच्या कॅन आणलं. ज्या पट्ट्या आज सुटणार नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्यांनी त्या आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. गोठल्यावर कुजणं थांबतं. पुढचे दोन महिने आम्ही थोड्या थोड्या पिशव्या बाहेर काढून सोडवत होतो.

सोडवायचं म्हणजे बोटानं ओढायचं नाही. परातीत पट्ट्यांचा गठ्ठा बुडवून ठेवायचा, पाणी आपणहून आत शिरू द्यायचं. कडेला एक केसाएवढी फट दिसली की पाणी हळूच हलवायचं. फक्त कडा धरायच्या, चित्राला बोट लावायचं नाही. बाई यात सगळ्यांत पटाईत. एकेका गठ्ठ्यापुढं त्या दीड-दीड तास मान खाली घालून बसायच्या. 19 ऑगस्टला डॉक्टरांना आठवलं की आज जागतिक छायाचित्रण दिन, 1839 साली याच दिवशी पॅरिसमध्ये डागेरची फोटो काढायची रीत जगापुढं ठेवली गेली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही पेढे वाटायचो. त्या वर्षी काकूंनी सगळ्यांना गुळाचा खडा दिला आणि आम्ही पुन्हा परातीकडं वळलो.

कसं कोण जाणे, गावभागात बातमी गेली. माणसं अल्बम घेऊन यायला लागली. घरात पुरुषभर चिखल, गाद्या रस्त्यावर टाकलेल्या, धान्य कुजलेलं, आणि ही माणसं भिजलेला अल्बम पोटाशी धरून आमचा जिना चढत होती. रंगीत प्रिंट कडेनं विरघळायला लागलेले, लाल-पिवळे ओघळ आत सरकत चाललेले. आम्ही ठरवलं की आधी आहे तसा फोटो काढून घ्यायचा, मगच हात लावायचा. एक बाई हरभट रोडवरून आल्या. अल्बममधून एकच पान त्यांना हवं होतं, सासूबाईंचा एकुलता एक फोटो. प्लॅस्टिकच्या कागदाखाली चेहरा अजून होता. वायरमननं बल्ब धरला, मी वरून कॅमेऱ्यात घेतला आणि स्क्रीनवर त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "कुंकू दिसतंय." मग प्लॅस्टिक उचललं तेव्हा चेहऱ्याचा अर्धा भाग प्लॅस्टिकबरोबर निघून आला. त्या रडल्या नाहीत. माझ्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "त्यात आहे ना?" आहे म्हटलं. त्या रात्री मी ते कार्ड तीन ठिकाणी उतरवून ठेवलं तरी झोप लागली नाही.

'हरिपूर, 81' लिहिलेलं पाकीट सातव्या डब्यात निघालं. पेन्सिलीचं अक्षर शाबूत, शाई असती तर गेलं असतं. भिंतीवरचा मोठा प्रिंट पुरात गेलाच होता. बाईंनी पट्टी सोडवली आणि शेडमधल्या उजेडापुढं धरली. चार फ्रेमपैकी पेवाची तिसरी. मधला थर सुटून पाण्याबरोबर निघून गेला होता. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नुसती आरपार फिल्म.

काकांनी ती हातात घेतली नाही. ते आमच्याकडं वळून म्हणाले, "सांगा बघू, कसा होता."

बाई म्हणाल्या, तो वर बघत होता. वायरमन म्हणाला, "न्हाई बाई, खालीच बघतोय की. पाय कुठं टेकतोय ते बघतोय." डॉक्टरांना त्याचे डोळे मिटलेले आठवत होते. मला आठवत होतं त्याचं मुंडासं, आणि मुंडाशाचं सुटलेलं टोक. आम्ही चौघांनी तो फोटो शंभर वेळा तरी बघितला असेल. तासभर वाद चालला. काका मान हलवत ऐकत राहिले, कोण बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पुढं दिवाळी झाल्यावर वायरमननं स्टुडिओतला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र, खोलून वाळवला, होल्डर आणि वायरिंग नवं घातलं. काकांनी लेन्स पुसली. मुंबईहून इलफर्डच्या फोटो-कागदाचं एक पाकीट मागवलं. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, सगळं काकांनी सोनाराच्या काट्यावर तोलून डेव्हलपर बनवला, तसा ते कायमच बनवतात. अंधारखोलीच्या भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची नवी रेघ होती. पाच माणसं त्या चार बाय सहात खांद्याला खांदा लावून उभी राहिलो.

काका म्हणाले, पेवच काढू, आहे तसं.

वीस सेकंद उजेड दिला. कागद ट्रेमध्ये गेला. काकांनी कोपरा उचलला, सोडला, उचलला. आधी काळं आलं, पेवाच्या तोंडाचं, दाट. निगेटिव्हवर जिथून चेहरा गेला होता तिथंही काळंच आलं आणि ते त्या अंधाराला जाऊन मिळालं, कुठं पेव संपतं आणि कुठं पुरानं नेलेलं सुरू होतं ते कळेना. मग काठावरचा हात आला. बोटं, नखं, मनगटावरचा दोरा. मग दोर. मग खांद्याची एक कड, पांढरी.

लाल दिव्यात कुणी हललं नाही.

"उजेड कुठनं येतोय?" काकांनी विचारलं.

"वरनं, काका," बाई म्हणाल्या.